पंपघराची भिंत

३ नोव्हेंबर, सोमवार

आज खोलीची किल्ली मालकांना परत केली. दवाखान्याच्या वरची ती खोली इतकी वर्षं माझ्याकडे होती की भिंतीवरचा ओलीचा डाग कुठल्या बाजूने वाढतो तेही मला पाठ झालं होतं. दोन खुर्च्या, मध्ये तिपाई, तिच्यावर पाण्याचा जग आणि कागदी रुमालांचा डबा. एवढ्या सामानावर मी माणसांची दुःखं ऐकली.

मालक म्हणाले, मुलाला ऑफिस काढायचं आहे. खरं कारण शेजारचे नवे दातांचे डॉक्टर. त्यांची तक्रार अशी की आमचं बोलणं त्यांच्या खुर्चीतल्या पेशंटला ऐकू येतं. आधीचे डॉक्टर कधी चकार शब्द बोलले नाहीत. भिंत तीच, मग आवाज आत्ताच कसा जायला लागला? पण हल्लीच्या लोकांना काहीच सोसत नाही.

दुसरी खोली भाड्याने घ्यायची नाही असं मी ठरवलं आहे. तलावावर चालत चालत समुपदेशन करायचं. असं करणारे लोक आहेत, त्याबद्दल मी वाचलं आहे. समोरासमोर बसल्याचा अवघडलेपणा नाही, नजर कुठे ठेवावी हा प्रश्न नाही. पाय चालायला लागले की जीभही सैल होते म्हणे.

हे म्हणाले, "म्हणजे आता तू लोकांना दमवून दमवून खरं बोलायला लावणार."

मी म्हटलं, "तुम्हाला बसवून बसवून जमलं नाही. आता हा उपाय."

कॉलेजात असताना मी दैनंदिनी लिहीत असे. नव्या उद्योगाच्या निमित्ताने पुन्हा सुरू करते आहे. एक नियम आधीच लिहून ठेवते. माझ्याकडे येणाऱ्या कुणाचंही नाव इथे येणार नाही. आजवर कुणाचीही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर गेलेली नाही. मला अभिमान बाळगण्यासारखी ही एकच गोष्ट आहे, आणि तो मी लपवत नाही.

६ नोव्हेंबर

पहिला दिवस. हिशेबनीस वेळेवर आले. एका कारखान्यात हिशेब बघतात. बायकोला जाऊन वर्ष होत आलं, पण तिचं कपाट त्यांनी अजून उघडलेलं नाही. तेवढ्यासाठी माझ्याकडे येतात.

रस्ता छान आहे. गेटातून आत गेलं की बांध, एका बाजूला पाणी. पुढे बांबूंची दाट रांग. मग जुनं पंपघर, म्हणजे त्याची उरलेली एकच भिंत. भिंतीच्या पलीकडे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि अलीकडून आपला रस्ता. तिथून वळसा घेऊन परत गेट. गेटाजवळच्या बाकावर दोन बायका विणकाम करत बसलेल्या असतात.

उघड्यावर एक अडचण जाणवली. माणसं पुटपुटतात. खोलीत हिशेबनीस चांगले स्वच्छ बोलायचे. इथे जमिनीकडे बघत तोंडातल्या तोंडात. "काय म्हणालात?" असं सारखं विचारावं लागलं. मी माझी जुनी पद्धत सोडली नाही. समोरच्याने सांगितलेलं त्याच्याच शब्दांत परत त्याच्यापुढे ठेवायचं, म्हणजे त्याला स्वतःचं बोलणं बाहेरून दिसतं. "म्हणजे बायकोचं कपाट उघडलं तर ती खरोखरच गेली असं होईल, याची तुम्हाला भीती वाटते." त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, जरा हळू."

माझी चाल झपाझप आहे खरी. वेग कमी केला.

आम्ही बाकापाशी पोचलो तेव्हा त्या दोघींच्या सुया थांबल्या होत्या. एवढ्या सकाळी कुणी कामाचं बोलताना पाहिलं नसेल.

११ नोव्हेंबर

आज बेकरीवाली. पस्तिशीतली बाई. पहाटेपासून भट्टीपुढे उभी असते, त्यामुळे अंगाला पावाचा वास आणि मनगटांवर चटक्यांच्या रेघा. मागच्या वर्षी एका विधुराशी लग्न केलं. त्याला अकरा वर्षांची मुलगी आहे. तो ट्रकवर असतो, घरी कमीच. म्हणजे घरात या दोघी. मुलगी तिला 'मावशी' म्हणते.

खोलीत ही बाई कागदी रुमालाच्या वळकट्या करत बसायची, तोंड उघडायची नाही. आज बांध संपायच्या आत बोलायला लागली. "तिचा डबा भरते, वेण्या घालते, पालकसभेला जाते. लोक म्हणतात, सावत्र असून किती करते! तेव्हा मला वाटतं, भट्टीत तोंड खुपसावं."

"का?" मी विचारलं.

पुढचं वाऱ्यात गेलं. मी तिला म्हटलं, मान वर करून बोल, खालमानेने बोललेलं मला चालत नाही. मला बोलणाऱ्याचा चेहरा लागतो, ती माझी जुनी सवय आहे. म्हणून मी थोडी पुढे होऊन तिच्याकडे तोंड करून तिरकी चालत होते आणि नाल्यावरच्या फरशीला अडखळले. तिने धरलं म्हणून वाचले.

ती हसली. "बाई, तुम्ही पाण्यात पडलात तर माझं कोण ऐकणार?"

खूप दिवसांनी कुणी माझ्यासमोर हसलं. पद्धत चालते आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

जेवताना सूनबाईने काहीतरी विचारलं. मी म्हटलं, चालेल. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मुलगा म्हणाला, "आई, ती विचारते आहे, तुझी तब्येत बरी नाही का?"

मी सूनबाईला सरळ सांगितलं, "तू ताटाशी बोलतेस. माणसाशी बोलत जा." ती लालबुंद झाली. स्पष्ट बोलायचं वळण एकदा लागलं की लागतं. नाही लागलं तर आयुष्यभर नाही.

ह्यांचीही एक नवी खोड आहे. मी ओट्याशी असले की स्वयंपाकघरात येतात, वळसा घालून माझ्या समोर उभे राहतात आणि मगच बोलतात. मध्ये मध्ये. आज म्हटलं, "दारातून सांगितलं तर काय होतं?" तर मीठ घेऊन गेले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे झालं त्यासाठीच मी खोली सोडली, असं म्हणायला हरकत नाही.

बेकरीवाली मुलीला बरोबर घेऊन आली. शाळेला सुट्टी आणि घरी कुणी नाही. म्हणाली, "आज राहू दे, पुढच्या वेळी येते." मी ऐकलं नाही. एकदा सबब चालली की दहा येतात. मुलीच्या हातात वाचनालयाचं पुस्तक होतं. मी म्हटलं, "बसू दे तिला पंपघराच्या पायऱ्यांवर. आपण बांबूंकडून जाऊन येतो." बेकरीवालीने दोनदा मागे वळून पाहिलं. मुलगी दोन वेण्या घातलेली, सडपातळ, शांत.

येताना भिंतीपाशी पोचलो आणि ती एकाएकी थांबली. तोंड माझ्याकडे होतं, त्यामुळे आज मला तिचा शब्द न् शब्द कळला. ओठ जेमतेम हलत होते.

"मला ती मुलगी नको आहे, बाई. ती सहलीला गेली होती ना, तेव्हा मी लग्नानंतर पहिल्यांदा पाय पसरून झोपले. वाटलं, ती परत येऊच नये."

वर्षभर मी ज्याची वाट बघत होते ते वाक्य. ते मी तिच्यापुढे ठेवलं. "म्हणजे ती मुलगी तुला नको आहे. ती परत आली नाही तर तुला बरं वाटेल."

तिने झटकन माझा दंड धरला. तिला भरून आलं आहे हे मला दिसलं. मी तिचा हात हलकेच सोडवला आणि म्हटलं, "लाजू नकोस. इथे कुणी नाही. मोकळेपणी म्हण, मला ती मुलगी नको आहे."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मोठी गाठ सुटताना असंच होतं.

पायऱ्यांपाशी गेलो तर पुस्तक पाण्यात. मुलगी आमच्याकडे पाठ करून उभी. मी म्हटलं, "वाचनालयाचं पुस्तक असं पाडायचं असतं का?" तिने वळूनही बघितलं नाही. परतताना मावशीने पुढे केलेला हात न धरता पुढे पुढे चालत गेली. तुटक आहे. बेकरीवालीला का जड जातं ते आज कळलं.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, आजचा दिवस सोन्याचा.

२८ नोव्हेंबर

बेकरीवाली आली नाही. फोनही उचलत नाही. असं होतं. मनातलं खरं बोलून गेल्यावर माणूस काही दिवस तोंड लपवतो. येईल.

हिशेबनीसही या वेळी घाईत होते. बांधावरूनच परत फिरले.

२ डिसेंबर

न राहवून बेकरीत गेले.

काउंटरपुढे गिऱ्हाइकं होती. ती मला बघून थिजली, मग मान खाली घालून काहीतरी बोलली. मी म्हटलं, "मोठ्याने बोल, मला कळत नाही."

"तुम्हाला मोठ्याने बोलायची फार हौस आहे, बाई." हे तिने असं म्हटलं की सगळ्या दुकानाला ऐकू गेलं. मग मला भट्टीमागच्या खोलीत घेऊन गेली. पिठाच्या पोत्यांमध्ये आम्ही दोघी उभ्या.

"तिने ऐकलं," ती म्हणाली.

"काय ऐकलं?"

"तुम्ही बोललात ते सगळं. भिंतीपलीकडे तीच बसली होती ना!"

मी म्हटलं, ते शक्य नाही. मध्ये भिंत आहे. वारा त्या दिशेने असेल. आणि मुलीला तू आणलंस, मी नाही. हे सगळं मी बोलले. लिहून ठेवते, कारण मी बोलले.

"मी तुमचा हात धरला," ती म्हणाली. "गप्प करायला धरला. तुम्ही तो काढून ठेवलात आणि परत तेच बोललात. आणखी जोरात."

मुलगी त्या दिवसापासून हिच्या हातचं खात नाही. स्वतःच्या वेण्या स्वतः घालते, वाकड्यातिकड्या. बापाला फोनवर एवढंच म्हणाली की मला आत्याकडे राहायचं आहे, कायमचं. का, ते सांगत नाही. बाप एकवीस तारखेला सुट्टीवर येतो आहे, तो तिला घेऊन जाईल.

"मी नको म्हणाले होते," ती म्हणाली. "पण ते मी तुम्हाला म्हणाले होते. नको वाटतं ते जावं म्हणूनच तर तुमच्याकडे येत होते ना! ती जावी म्हणून नाही."

जाताना तिने सवयीने माझ्या हातात पावाची पिशवी दिली. मला ती परत करायचंही सुचलं नाही. रस्त्याने तो गरम पाव छातीशी धरून चालत होते. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, बाई खूश आहे.

३ डिसेंबर

झोप नाही. सारखी भिंत दिसते. ती जाड आहे. दगडी आहे. माझा आवाज इतका मोठा नाही. तिने ओठ हलवले आणि मी साध्या आवाजात बोलले.

ह्यांना सगळं सांगितलं, नाव गाळून. हे गप्प राहिले. ते गप्प राहतात तेव्हा त्यांना काहीतरी माहीत असतं.

६ डिसेंबर, शनिवार

ह्यांना घेऊन तलावावर गेले. मला खात्री करून घ्यायची होती. त्यांना पायऱ्यांवर बसवलं आणि मी भिंतीच्या अलीकडे, रस्त्यावर उभी राहिले. नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आज भाजीला काय आणायचं? सूनबाईला उशीर होणार आहे. पाण्यावर बगळा बसला आहे."

हे वळसा घालून आले आणि सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. बगळ्यासकट.

मी म्हटलं, वारा आहे. आता तुम्ही बोला, मी ऐकते.

ते परत गेले. मी थांबले. पाण्याचा आवाज नाही, पानांचा नाही. बराच वेळ झाला. शेवटी मी ओरडले, "अहो, बोला ना! झोपलात का?"

ते भिंतीच्या कडेने आले. चेहरा पडलेला. समोर, अगदी समोर उभे राहिले आणि मगच म्हणाले, "मी केव्हापासून बोलतोय."

"हळू बोलला असाल."

"अगं, हाका मारत होतो तुला."

मी भिंतीला टेकून तिथेच मातीत बसले. हेही बसले, पण शेजारी नाही, समोर. तेव्हा मला ओटा आठवला. वळसा घालून येणं आठवलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली काही वर्षं. तुझ्या लक्षात येईल असं वाटलं."

"सांगितलं का नाहीत?"

"एकदा सांगितलं होतं. तू म्हणालीस, मी पुटपुटतो."

सूनबाई ताटाशी बोलत नाही. ती चांगली मान वर करून बोलते. मी तिला सगळ्यांदेखत बोलले आणि ती लाल झाली. दातांचे डॉक्टर नाजूक नव्हते. एक एक आठवत जातं आणि प्रत्येक आठवण थोबाडीत बसते. खोलीत मी माणसांचे चेहरे वाचत होते म्हणून निभावलं. कान केव्हाच गेले होते. चालताना चेहरा गेला आणि माझ्याकडे फक्त आवाज उरला, माझा स्वतःचा.

९ डिसेंबर

कानाची तपासणी. काचेची खिडकी असलेली लहानशी आवाजबंद खोली, डोक्यावर हेडफोन. आवाज आला की हात वर करायचा. खिडकीपलीकडे तपासनीस मुलगी बसली होती आणि तिचं बोट बटणावर होतं. बोट दाबलं गेलं की मी हात वर करत होते.

हे मी ठरवून केलं नाही. पण करते आहे हे मला कळत होतं, आणि तरी मी थांबले नाही. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलींशी मी कॉलेजात असताना बोलणं सोडून द्यायचे.

थोड्या वेळाने ती बाहेर आली, माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि माझ्या समोर येऊन गोड हसून म्हणाली, "सगळेच करतात, आजी."

मग बराच वेळ मी भिंतीकडे बघत शांत बसले होते. हात मांडीवरच.

१२ डिसेंबर

यंत्र बसवलं. पहिल्यांदा ऐकलं ते माझ्याच चपलांचं फटफट. घरात शिरले तर सूनबाई गुणगुणत होती. इतकी वर्षं या घरात आहे, ती गाते हे मला माहीत नव्हतं. मी तिला म्हटलं, "तू ताटाशी बोलत नव्हतीस. माझी चूक झाली." ती म्हणाली, "जाऊ द्या हो, आई." आणि हे ती किती हळू म्हणाली ते मला ऐकू आलं. त्यामुळे जास्तच लागलं.

हिशेबनिसांना फोन करून सांगितलं की चालत बोलणं मी बंद करते आहे, कारण मला ऐकू येत नव्हतं. ते म्हणाले, "मला वाटलं, माझं बोलणं तुम्हाला पटत नाही म्हणून तुम्ही परत परत विचारता." मग ते मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही.

बेकरीत पुन्हा गेले. या वेळी गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाहेर उभी राहिले. म्हटलं, "मला मुलीची माफी मागू दे. तुझी नंतर मागेन, तू मला बोलून घेशील. तिने काहीच म्हटलेलं नाही."

"ती तुमच्याशी बोलणार नाही."

"विचार तरी."

संध्याकाळी निरोप आला. रविवारी, त्याच पायऱ्यांवर. जागा मुलीने सांगितली आहे.

१४ डिसेंबर, रविवार

त्या दोघी आधीच आल्या होत्या. मुलगी खालच्या पायरीवर, पाण्याकडे तोंड करून. बेकरीवाली सगळ्यात वर. मध्ये रिकाम्या पायऱ्या. मी मधल्या एकीवर बसले. गुडघे कुरकुरले, तेही आता ऐकू येतं.

मी काय बोलायचं ते घरून ठरवून गेले होते. त्यातलं काही आलं नाही. म्हटलं, "मला ऐकू कमी येतं. ते मला माहीत नव्हतं. म्हणजे मी माहीत करून घेतलं नाही. तुझ्या मावशीने मला विश्वासाने, कुजबुजून सांगितलं होतं आणि मी ते ओरडून परत बोलले. तू पायऱ्यांवर बसावंस असं मीच म्हटलं होतं. तुझं पुस्तक पडलं तेव्हा मी तुलाच रागावले. हे सगळं माझं आहे. तुझं यात काही नाही."

मुलगी पाण्याकडे बघत होती. नखाने पायरीवरचं शेवाळ खरवडत होती. मग तिचा खांदा हलला, म्हणजे ती काहीतरी बोलली असावी. कानात यंत्र असूनही मला नुसतं पाणी ऐकू आलं.

पूर्वी मी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. मान हलवली असती. "बरोबर आहे, बाळ," म्हटलं असतं.

मी म्हटलं, "मला ऐकू आलं नाही. परत सांग."

ती परत बोलली. पुन्हा नुसतं पाणी.

"नाही आलं. अजून मोठ्याने."

ती ताडकन उठली, माझ्याकडे वळली आणि तलावावरून पलीकडे जाईल अशा आवाजात ओरडली, "मला पण ती नको होती! मला माझी आई पाहिजे होती!"

बांबूंमधून पक्षी उडाले. बांधावरचे चालणारे लोक थांबले.

वरून बेकरीवालीचा आवाज आला. "मग कधी बोलली का नाहीस गं?"

"तू रोज डबा भरायचीस," मुलगी म्हणाली. आता रडत होती. "रोज! मग कसं बोलणार?"

बेकरीवाली पायऱ्या उतरून खाली आली. माझ्या शेजारून गेली, मला ओलांडून. मुलीच्या जवळ गेली पण तिला हात लावला नाही. एक पायरी सोडून बसली. म्हणाली, "चवळी तरी आवडते का तुला? खरं सांग."

"नाही."

"मेले! मला पण नाही. तुझे बाबा म्हणाले तुला आवडते."

मी उठले. वर जाऊन भिंतीच्या अलीकडे, रस्त्यावर उभी राहिले. तिथेही आवाज येत होता. भिंत खरंच काही अडवत नाही. मी कानातलं यंत्र काढलं आणि डबीत ठेवलं. मग उभी राहिले, त्या वर येईपर्यंत. त्या आल्या तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. जाताना बेकरीवालीने माझ्याकडे पाहून मान हलवली. मुलीने नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

बाप काल आला. मुलगी आत्याकडे जाणार आहे, पण सुट्टीपुरती. शाळा सुरू झाली की परत येणार. हे मला बेकरीवालीने फोनवर सांगितलं. घाईत होती, मागे भट्टीचा आवाज होता. म्हणाली, अजून वेण्या तीच घालते. डब्यात काय हवं ते चिठ्ठीवर लिहून ठेवते, वर "कृपया" लिहिते. "परक्यासारखं," ती म्हणाली. "पण निदान सांगते तरी."

ती माझ्याकडे येणार नाही. मीच तिला दुसऱ्या एका बाईंचा पत्ता दिला आहे. त्यांची खोली आहे, जाड दार आहे, आणि त्या हळू बोलतात. मुलीलाही कधी न्यावंसं वाटलं तर त्या मुलांशी चांगलं बोलतात. फोन ठेवताना ती म्हणाली, "बाई, येते." खरं म्हणजे ती कुठेच येणार नव्हती.

आज सकाळी एकटीच तलावावर गेले. यंत्र घालून. बगळ्यांचं, बांबूंचं, लांबून येणाऱ्या सायकलच्या घंटेचं, सगळं ऐकत. चांगलं वाटत होतं म्हणायला हरकत नाही. गेटाजवळ बाकावर त्या दोघी विणत होत्या. मी जवळून जाताना जाडसर होती तिने हाक मारली.

"काय हो, हल्ली तुमची ती माणसं येत नाहीत? आम्ही रोज वाट बघतो."

मी थांबले.

"नाही म्हणजे," दुसरी सुया न थांबवता म्हणाली, "त्या हिशेबवाल्याचं पुढे काय झालं? उघडलं का त्याने बायकोचं कपाट?"

"आणि ती पाववाली?" पहिलीने विचारलं. "तिला ती मुलगी नको होती ना? फार वाईट वाटलं हो आम्हाला. आम्ही घरी पण सांगितलं."

आवाज काही मोठा नव्हता. तोंडही माझ्याकडे नव्हतं, लोकरीकडे होतं. तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला.